आधी पुस्तकं, मग स्क्रूड्रायव्हर, पैसे सगळ्यात शेवटी: जुन्या, वेगळ्या गिटारी जमवणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बरीच वर्षं गिटार वाजवतात आणि आता त्यांना जुन्या, चारचौघांत न दिसणाऱ्या गिटारी आणि त्यांच्यावरची पुस्तकं जमवायची आहेत. सगळं जग ज्यांच्यामागे धावतं त्या पन्नाशीतल्या (म्हणजे १९५० च्या दशकातल्या) गिब्सनच्या लेस पॉल आणि फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर परवडत नाहीत, आणि तशा नकोही आहेत. सध्या त्यांचं मन बसलंय ते साठच्या दशकातल्या एका इटालियन इलेक्ट्रिकवर. चमचमत्या निळ्या प्लास्टिकने मढवलेली, चार पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग) आणि वर बटणांची रांग. विकणारा म्हणतो, 'अतिशय दुर्मीळ आहे.' घ्यावी का? अस्सल कशी ओळखायची? पुस्तकं कोणती घ्यायची?

मी दुरुस्तीच्या टेबलावरून या छंदात आलो. त्यामुळे माझं उत्तर थोडं रुक्ष वाटेल. गिटार दुर्मीळ आहे का, यापेक्षा ती दुर्मीळ का झाली हे मला आधी कळायला हवं असतं.

गिब्सनने १९५८ मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर या दोन कोनदार गिटारी आणल्या आणि दुकानदारांनी नाकं मुरडली. कंपनीच्या नोंदींप्रमाणे फ्लाइंग व्ही १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७ रवाना झाल्या. पुढे उरलेल्या भागांतून १९६२-६३ च्या सुमारास आणखी काही जोडल्या गेल्या, एवढंच. त्या कमी आहेत, कारण तेव्हा त्या कुणालाच नको होत्या. आज त्यांची किंमत आभाळाला भिडलीय त्याचं कारण वेगळं आहे. नंतरच्या पिढीतल्या नामवंत वादकांनी तो आकार डोक्यावर घेतला. नुसत्या कमी संख्येला बाजार कधीच विचारत नाही. मार्टिन कंपनीची डी-१८ई पाहा. १९५८-५९ मध्ये फक्त ३०२ झाल्या. चांगल्या अकूस्टिकला पिकअप आणि बटणं बसवण्याचा तो प्रयोग ना धड इकडचा ना धड तिकडचा झाला. संख्येने ती दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या साध्या डी-१८ पेक्षा कितीतरी दुर्मीळ, पण जमवणारे कायम डी-१८ च्याच मागे राहिले. २०२० मध्ये त्या ३०२ पैकी एक लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली, कारण ती कर्ट कोबेनने १९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्डच्या मैफलीत वाजवलेली होती. त्या आकड्याचा उरलेल्या ३०१ गिटारींशी काडीचा संबंध नाही. विकणारे तो जोडतात. तुम्ही जोडू नका.

याच्या उलट प्रकार मला जास्त आवडतो: बनल्या भरमसाट, धड उरल्या थोड्या. डॅनइलेक्ट्रो कंपनीने सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीसाठी सिल्व्हरटोन नावाने १९६२ च्या सुमारास काढलेली गिटार घ्या. लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड ठोकलेला, पिकअप चक्क लिपस्टिकच्या नळीत बसवलेले, आणि अँप्लिफायर गिटारच्या पेटीतच. पेटी उभी केली की झाला अँप. शिकाऊ पोरांसाठी बनवलेली ही वस्तू पोरांनी पोरांसारखीच वापरली. नुसती गिटार आजही मिळते. पण तीच गिटार, तिचीच पेटी, आतला चालू अँप आणि मूळचा स्पीकर असा अख्खा संच मिळायला धीर लागतो. परवडणाऱ्या पैशांत खरी शिकार करायची असेल तर ती या बाजूला आहे.

आणि मग न बनलेल्या गिटारी. गिब्सनने १९५७ मध्ये तीन नव्या आकारांची डिझाइन पेटंटसाठी दाखल केली. दोन वर सांगितलेली, तिसरी मॉडर्न. पन्नाशीत बनलेली मॉडर्न आजवर एकही सिद्ध झालेली नाही. कंपनीने ती बाजारात आणली ती थेट १९८२ मध्ये. तरी 'मूळ' मॉडर्न सापडल्याची आवई अधूनमधून उठतेच. अशी बातमी आली की चहा प्यावा आणि कामाला लागावं.

आता तुमची निळी गिटार. पन्नाशीच्या अखेरीस अकॉर्डियनची मागणी घसरली आणि रॉक अँड रोलमुळे इलेक्ट्रिक गिटारची वाढली. इटलीत कास्तेलफिदार्दो हे अकॉर्डियनचं माहेरघर. तिथल्या आणि आसपासच्या कारखान्यांकडे चमचमत्या सेल्युलॉइडचे तक्ते होते, ते वळवून चिकटवणारे कुशल हात होते आणि सुरांचे पडदे बदलणाऱ्या बटणांचा अनुभव होता. त्यांनी तेच सगळं गिटारवर चढवलं. एको कंपनीच्या गिटारी हे त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. स्वीडनमध्ये हॅगस्ट्रॉमनेही अकॉर्डियनकडूनच गिटारकडे मोर्चा वळवला आणि त्यांच्या सुरुवातीच्या गिटारी तशाच लखलखत्या आहेत. म्हणजे तुमच्या गिटारचा नखरा एखाद्या वेड्या कलाकाराच्या डोक्यातून निघालेला नाही, तो कारखान्याच्या गोदामातून आलाय. अशा गिटारी मोठ्या प्रमाणावर निर्यातीसाठी बनत होत्या, तेव्हा 'अतिशय दुर्मीळ' ही थाप समजा. दुर्मीळ असेल ती तिची अवस्था. सेल्युलॉइड वयानुसार आकसतं. आधी कडेचे सांधे उघडतात, मग टोकं उचलली जातात, शेवटी पापुद्रे येतात. सगळी बटणं आपापलं काम करतात का, चारही पिकअप जिवंत आहेत का, नॉब एका जातीचे आहेत का, ट्रेमोलोचा (सूर थरथरवायचा) दांडा तिचाच आहे का, हे पाहा. या चारांपैकी तीन गोष्टी ठीक असतील आणि मान सरळ असेल तर घ्या आणि मजेत वाजवा. बटणंच बंद असतील तर भाव निम्मा मागा. ते काम किचकट असतं आणि सुटे भाग दुसरी तशीच गिटार मोडल्याशिवाय मिळत नाहीत.

जाता जाता, इटलीतच खरा कलाकार पाहायचा असेल तर वान्द्रे पिओलीच्या गिटारी शोधून त्यांचे फोटो पाहा. अॅल्युमिनियमची मान, अमूर्त चित्रासारखे आकार, रंगांची उधळण. त्या गोदामातून नव्हे, डोक्यातूनच आल्या होत्या.

हेडस्टॉकवरच्या (मानेच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागावरच्या) नावावर फार विसंबू नका, हा पुढचा मुद्दा. सिल्व्हरटोन हा कारखाना नव्हता. डॅनइलेक्ट्रो, हार्मनी, के असे वेगवेगळे कारखाने सिअर्ससाठी त्या नावाने माल बनवत. एअरलाइन हे नाव माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या दुकानसाखळीचं. त्यातल्या फायबरग्लासच्या, टोकदार गिटारी व्हॅल्को कारखान्याच्या, बाकीच्या कितीतरी दुसऱ्यांच्या. अकूस्टिकमध्ये याहून सुरस प्रकार आहे. शिकागोच्या कार्ल आणि ऑगस्ट लार्सन या भावांनी आपलं नाव गिटारवर जवळपास कधीच घातलं नाही. मॉरर, प्रेअरी स्टेट, युफोनन, स्टॉल अशा नावांखाली त्यांचं काम विकलं गेलं. एका खांद्यातून पोकळ बाहू निघालेल्या डायरच्या हार्प गिटारीही त्यांच्याच. ज्याला आतली बांधणी ओळखता येते, त्याला अनोळखी लेबलाखाली लार्सनची गिटार आजही गवसू शकते. ही ओळख पुस्तकांतून सुरू होते आणि आरसा आत घालून पक्की होते.

तपासणीकडे वळू. मला लागतं ते फार नाही: चांगले स्क्रूड्रायव्हर, भिंग, दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा, टॉर्च आणि अतिनील प्रकाशाचा दिवा. फेंडरसारख्या स्क्रूने मान जोडलेल्या गिटारी उघडायला सोप्या, म्हणून शिकायलाही सोप्या. मानेच्या प्लेटवरचा नंबर पाहून वर्ष ठरवू नका. कारखान्यात प्लेटा डब्यातून हाताला लागेल तशा उचलल्या जात, त्यामुळे नंबर अंदाज देतो, तारीख नाही. मान सोडवा. टाचेवर पेन्सिलने किंवा १९६२ पासून शिक्क्याने तारीख सापडते. शिक्क्यात पुढे मॉडेलचा आकडा, मग महिना आणि वर्ष, शेवटी एक अक्षर. ते अक्षर मानेची रुंदी सांगतं. 'बी' म्हणजे नेहमीची रुंदी. हा 'बी' पाहून दुय्यम दर्जाचा माल म्हणून भाव पाडणारे ग्राहक आणि तोच 'बी' 'बेस्ट' म्हणून खपवणारे विक्रेते असे दोन्ही मी पाहिले आहेत. ही तारीख मानेची असते, गिटारची नव्हे. मान काही महिने पडून राहून मग जोडली गेली असं सहज घडायचं.

मग पिकगार्ड (ओरखडे टाळायला तारांखाली बसवलेली पट्टी) उचला आणि पॉट (आवाजाच्या नॉबखालचा विजेचा भाग) पाहा. अमेरिकन पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. समजा ३०४६३२० असं दिसलं. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट स्टॅकपोलने १९६३ च्या विसाव्या आठवड्यात बनवला. पन्नाशीतल्या पॉटवर वर्षाचा एकच आकडा असू शकतो, तिथे दशक बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. पॉटची तारीख गिटारच्या आधीची असली तर हरकत नाही. नंतरची असली तर एकतर पॉट बदललाय किंवा गिटारचं वर्ष खोटं सांगितलंय. फेंडरने १९६६ मध्ये सीटीएसचे पॉट इतके भरून ठेवले की पुढची काही वर्षं तेच वापरले गेले. म्हणून १९६८ च्या गिटारमध्ये ६६ चा पॉट दिसला तर बिचकू नका. ६६ च्या गिटारमध्ये ६८ चा पॉट दिसला तर मात्र विचारा. पॉट वाचता वाचता सोल्डरकडेही लक्ष द्या. जुना सांधा निस्तेज, करडा असतो आणि त्यावर धूळ बसलेली असते. त्यात एकच सांधा चकचकीत दिसला तर तिथे कुणाचा तरी हात लागलाय. हे सगळं अमेरिकन मालाला लागू. इटालियन, जपानी गिटारींत हे आकडे तुमच्या मदतीला येणार नाहीत. तिथे जुनी कॅटलॉगं हाच आधार, त्याकडे येतोच.

गिब्सनची गोष्ट वेगळी. साठच्या दशकात त्यांनी सीरियल नंबर पुन्हा पुन्हा वापरले. एकच नंबर निरनिराळ्या वर्षांच्या गिटारींवर सापडतो. तिथे नंबर बाजूला ठेवून अंगाखांद्यावरच्या खुणा पाहाव्या लागतात. १९६५ च्या सुमारास नटपाशी (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपाशी) मान अरुंद झाली, त्याच आसपास हेडस्टॉकचा कल १७ अंशांवरून १४ वर आला, १९७० च्या सुमारास हेडस्टॉकच्या पाठीवर 'मेड इन यूएसए' उमटू लागलं. हा शिक्का असलेली '६४ ची' गिटार कुणी दाखवली तर हसून नमस्कार करा.

पिकअपच्या खालच्या चिठ्ठीचा किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. गिब्सनच्या सेथ लव्हरने बनवलेल्या हमबकर या गुणगुण टाळणाऱ्या पिकअपच्या पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये गेला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळालं. पिकअपवरची 'पेटंट अप्लाइड फॉर' ही चिठ्ठी मात्र १९६२ च्या आसपासपर्यंत चिकटत राहिली. तिच्या आद्याक्षरांवरूनच आज लोक 'पीएएफ' म्हणतात आणि डोळे मिटून पैसे मोजतात. नंतर पेटंट क्रमांकाची चिठ्ठी आली, तर तिच्यावरचा क्रमांक २७३७८४२ हा पिकअपचा नव्हेच. तो वादक लेस पॉल यांच्या नावावरच्या टेलपीसचा (तारा मागे अडकवायच्या भागाचा) आहे! म्हणजे चुकीचा क्रमांक असलेली चिठ्ठी अस्सल. एखाद्या हुशार नकलाकाराने पिकअपचा खरा क्रमांक शोधून छापला तर तोच पकडला जाईल. बाकी चिठ्ठी ही चिठ्ठीच. ती छापता येते, उचकटता येते, दुसरीकडे चिकटवता येते. गुंडाळलेल्या तारेचा रंग, बॉबिनचा आकार, खालच्या पट्टीवरच्या साच्याच्या खुणा असं सगळं मिळून जुळलं तरच माना.

रंगाचं. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर अतिनील दिव्याखाली फिकट, हिरवट-पिवळा चमकतो. नव्याने मारलेला थर बहुधा काळपट दिसतो, आणि तुटलेली मान जोडून वर फवारा मारला असेल तर तो पट्टा अंधारात रेघ ओढल्यासारखा उठून येतो. एकदा एका सुंदर सनबर्स्ट (मधे फिकट, कडेला गडद रंगाच्या) गिटारवर दिवा धरला. सगळं अंग चमकलं, फक्त हेडस्टॉकच्या गळ्यापाशी चार बोटं रुंद काळा पट्टा. दिवसाच्या उजेडात भिंगानेही काही दिसलं नव्हतं. मालकाला बिचाऱ्याला खरंच ठाऊक नव्हतं. ती गिटार वाईट नव्हती, नीट जोडलेली आणि उत्तम वाजणारी होती. फक्त मागितलेला भाव तिचा नव्हता. दिव्याचाही अतिरेक नको. पिकगार्डखाली उजेड न लागलेला भाग आपोआपच वेगळा दिसतो, आणि पॉलिएस्टरच्या रंगावर हे नियम चालत नाहीत. शंका आली तर स्क्रूच्या छिद्रांत बघा. छिद्रात रंग उतरलेला असेल तर तो छिद्र पाडल्यानंतर मारलाय. हेडस्टॉकच्या मागे ट्यूनरभोवतीच्या जुन्या सावल्या आणि बुजवलेली छिद्रं हीसुद्धा बोलकी असतात.

आणि कृपा करून, रंग कितीही उडालेला असला तरी नव्याने रंगवू नका. झिजलेला मूळ रंग ठेवा. यावर मी वाद घालत नाही.

अकूस्टिकमध्ये सगळा खेळ आतला. टॉर्च आत सोडा, आरसा फिरवा, ब्रेसेस (आतल्या आधाराच्या पट्ट्या) सुटल्यात का पाहा, ब्रिजखालची पट्टी तारांच्या टोकांवरच्या गोळ्यांनी कुरतडलीय का पाहा. मार्टिनने १९४४ च्या अखेरीपर्यंत ब्रेसेस कोरून हलक्या केल्या, नंतर कोरणं सोडलं. ही कोरीव वळणं बोटाला कळतात. मार्टिनचे सीरियल नंबर १८९८ पासून सलग चालत आलेत, त्यामुळे तिथे नंबरवर विश्वास ठेवता येतो. आणि मानेचा कल. तारांच्या ओढीने वर्षानुवर्षांत मान पुढे झुकते, मग तारा उंच जातात. मान सोडवून नव्या कोनात बसवणं हे जुन्या अकूस्टिकचं ठरलेलं काम आहे, तो दोष नव्हे. पण खर्च मोठा, तो भावातून वजा करायचा. सरसाने जोडलेला सांधा वाफेने सुटतो. कुणी तिथे इपॉक्सी ओतला असेल तर दुसरी गिटार बघा.

आता पुस्तकं, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे. गिटारचा पहिला हप्ता भरण्याआधी पुस्तकांवर खर्च करा असं मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

पहिलं, टॉम व्हीलर यांचं १९८२ चं 'अमेरिकन गिटार्स'. कंपन्यांनुसार इतिहास. या विषयात नीट पाया घालणाऱ्या पुस्तकांपैकी एक. दुसरं, जॉर्ज ग्रून आणि वॉल्टर कार्टर यांचं 'ग्रून्स गाइड टू व्हिंटेज गिटार्स', पहिली आवृत्ती १९९१, तिसरी २०१०. हे वाचायचं पुस्तक नव्हे, बाजूला उघडं ठेवायचं. मॉडेल, वर्ष, इनले (जडावकाम), बाइंडिंग (कडेची पट्टी), नॉब यांची टेलिग्रामच्या भाषेतली जंत्री. तिसरी आवृत्ती घ्या, फोटोंच्या अपेक्षेने घेऊ नका. मार्टिनवाल्यांसाठी माइक लाँगवर्थ यांचं १९७५ चं पुस्तक. ते स्वतः कंपनीत होते आणि कंपनीच्या वह्या त्यांच्या हाताशी होत्या. युद्धापूर्वीच्या डी-४५ फक्त ९१ झाल्या हे आपण छातीठोकपणे म्हणतो ते अशा वह्यांमुळे. तुमच्या आवडीच्या चमत्कारिक कंपन्यांसाठी मायकेल राइट यांचे 'गिटार स्टोरीज'चे दोन खंड. ज्यांच्याकडे बाकीच्यांनी ढुंकून पाहिलं नाही त्या कंपन्यांवर त्यांनी मान मोडून काम केलंय. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाच्या २००० च्या प्रदर्शनाचा ग्रंथ 'डेंजरस कर्व्हज' हा गिटारकडे वस्तू म्हणून कसं बघावं हे शिकवतो.

स्पॅनिश गिटारकडे वळणार असाल तर होसे रोमानिलोस यांचा एकोणिसाव्या शतकातला गिटारकार आंतोनियो दे तोरेस याच्यावरचा १९८७ चा ग्रंथ हवाच. तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याची करून एक गिटार बनवली. आवाज वरच्या फळीतून येतो हे दाखवण्यासाठी. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. जगातल्या चमत्कारिक गिटारींत माझा पहिला नंबर तिचा. चमत्कारिकपणा दिखाव्यासाठी नव्हे, एका प्रश्नाचं उत्तर म्हणून आलाय. रोमानिलोस स्वतः गिटार बनवणारे होते, म्हणून ते मोजमापं देतात, विशेषणं नाही.

यासुहिको इवानादे यांचं 'द ब्यूटी ऑफ द बर्स्ट' हे १९५८-६० च्या सनबर्स्ट लेस पॉलवरचं पुस्तक आता स्वतःच जमवण्याची वस्तू झालंय. गिटार नको असली तरी लाकडाच्या रेषांचे, बारीक भागांचे असे फोटो घ्यायचे असतात हे त्यातून कळतं. लिलावांचे कॅटलॉगही सोडू नका. एरिक क्लॅप्टनच्या गिटारींचे क्रिस्टीजचे १९९९ आणि २००४ चे लिलाव झाले, त्यांच्या कॅटलॉगात झीज, बदल, दुरुस्त्या जशाच्या तशा नोंदवल्यात. पुस्तकातली गिटार नेहमी नटूनथटून असते. लिलावात तिच्या जखमा सांगाव्या लागतात.

पुस्तक वाचताना ते कोणत्या साली छापलंय हे आधी पाहा, आणि त्यातला आकडा कुठून आला ते शोधा. एक्सप्लोरर किती झाल्या याचे आकडे पुस्तकागणिक वेगळे. कारण गिब्सनच्या नोंदीत एक्सप्लोरर असं नावच नाही. 'कोरिना, मॉडर्न गिटार' अशी त्रोटक ओळ आहे (कोरिना हे लाकडाचं नाव) आणि तिच्यापुढे १९५८ ला १९, १९५९ ला ३. ती ओळ एक्सप्लोररची, असं मानलं जातं. मानलं जातं ते पुढच्या पुस्तकात 'आहे' होतं आणि त्यापुढच्यात २२ हा आकडा ठाम होऊन बसतो. अशा ठिकाणी मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो. (पेन्सिलीने. पेनने लिहिणाऱ्याला पुस्तकं देऊ नका.)

सगळ्यात वरचढ पुरावा म्हणजे कंपन्यांची त्या त्या वर्षाची कॅटलॉगं, पत्रकं आणि किमतीचे तक्ते. तेही थोडं खोटं बोलतात. फोटो कधी नमुन्याच्या गिटारचा असतो, कधी मागच्या वर्षीचाच ब्लॉक पुन्हा वापरलेला. पण इटालियन आणि जपानी गिटारींसाठी याहून चांगलं काही नाही. तुमच्या निळ्या गिटारची बटणं मूळची कोणत्या क्रमाने होती हे एखादं चार पानी पत्रकच सांगेल. कॅटलॉगांच्या नंतर काढलेल्या प्रतीही बाजारात मूळ म्हणून फिरतात. फोटो भिंगाखाली धरा. छापील फोटोचा पुन्हा फोटो घेतला की ठिपक्यांवर ठिपके चढतात आणि लहरी दिसतात. आणि गिटारचा तोच अतिनील दिवा कागदावर धरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं सर्रास झाली ती १९५० नंतर, आणि ती दिव्याखाली निळसर झळाळतात. १९३० च्या दशकातलं म्हणून दिलेलं कॅटलॉग दिव्याखाली निळं पेटलं तर ते परत करा.

जतनाबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती गिटार आणि कागद दोन्ही खाते. जुन्या आर्चटॉप (वरची फळी फुगीर असलेल्या) गिटारींचे कासवपाठी दिसणारे पिकगार्ड बहुतेक सेल्युलॉइडचे. ते कधीतरी विघटित व्हायला लागतं, ते थांबवता येत नाही. नाकात झोंबणारा वास, तारा आठवड्याभरात काळ्या-हिरव्या, जवळच्या धातूवर हिरवी बुरशीसारखी पूड, कडा चुरचुरीत. त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ बंद पेटीत कोंडते आणि सोनेरी मुलामा, पिकअप, बाइंडिंग, लॅकर सगळ्यावर चढते. असा पिकगार्ड दिसला की त्याच दिवशी काढा, वेगळ्या हवेशीर जागी ठेवा, त्याची मापं आणि फोटो घ्या, गिटारवर नवा बसवा. मूळ आहे म्हणून तसाच ठेवणारे लोक मूळ गिटार गमावतात. आणि पेटीतल्या खणात कॅटलॉग, वॉरंटी कार्ड, लेबल ठेवायची सवय मोडा. ती वाफ कागदालाही सोडत नाही. कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात, पीव्हीसीच्या नाही. गंजलेल्या पिना काढून. हवेत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. रबरी गादीच्या स्टँडवर नायट्रोची गिटार कायमची ठेवू नका, रबर लॅकरला चिकटून डाग पाडतं.

शेवटी कायदा, कारण वेगळ्या गिटारी बहुधा सीमेपलीकडून येतात. ब्राझिलियन रोझवूड ११ जून १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. मार्टिनने ते १९६९ पर्यंत नेहमीच्या मॉडेलांत वापरलं, फेंडरच्या साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या कितीतरी फिंगरबोर्डांवर तेच आहे. अशी गिटार परदेशातून विकत घ्यायची तर लाकूड बंदीपूर्वीचं असल्याचा दाखला आणि परवाने लागतात. २०१७ मध्ये रोझवूडची सगळी जातकुळीच दुसऱ्या परिशिष्टात गेली होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियनला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी गिटारींवर खरं कासवाचं कवच आणि हस्तिदंत असतं, त्यांचे नियम आणखी कडक. कस्टममध्ये अडकलेली गिटार सोडवणं हा छंद नव्हे, ती शिक्षा आहे. तेव्हा पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून फिंगरबोर्ड, पाठ, बाजू आणि इनले कशाचे आहेत हे लेखी घ्या, परवाने कोण काढणार ते ठरवा, आणि 'रोझवूडच आहे, चालतं' असं उत्तर आलं तर 'कोणतं रोझवूड?' असं पुन्हा विचारा.